घोरपड चढते

"सहा फुटी पुरतील," बायको म्हणाली. "द्या आणि मोकळे व्हा."

"सहा फुटी?" दुकानदाराने काठी फरशीवर आपटली. "हिच्या पिकअपचा मागचा फाळका केवढा उंच आहे, बघितलास? चढ उभा होईल. गाडी उलटून हिच्या अंगावर येईल."

समोरची बाई दोघांकडे शांतपणे बघत होती. तिला एटीव्ही, म्हणजे डोंगरात फिरवायची चारचाकी बाईक, पिकअपमध्ये चढवायची होती. एकटीने. त्यासाठी रॅम्प हवे होते.

"ताई, तुमची गाडी केवढी?"

"तुमच्या त्या गाडीएवढी धरा, काका."

*लांबी*

ती गाडी आवारात ताडपत्रीखाली होती. जाड टायरची, चिखलाच्या रंगाची. दुकानदार तिला घोरपड म्हणायचा, कारण ती कुठल्याही उतारावर चिकटून राहायची. एकदाच सुटली. तेव्हा त्याची मांडी मोडली.

डॉक्टर म्हणाले, पुन्हा बसायचं नाही. तो म्हणाला, काठी सुटली की पहिली फेरी टेकडीवर. बायकोने गाडी विकायला काढली. बघायला तीन जण आले. पहिल्याला त्याने सांगितलं, इंजिन धूर ओकतं. दुसऱ्याला सांगितलं, ब्रेकचा भरवसा नाही. तिसऱ्यावर काठीच उगारली.

त्यानंतर बायकोने विषय काढला नव्हता. तो आपण जिंकल्यासारखा वावरत होता.

"आठ फुटी घ्या," तो म्हणाला. "मधे कमान असलेले. पोट घासत नाही."

"पण मला जमेल का?"

"अहो, पुस्तिका द्या तिला," बायको म्हणाली. "घरी जाऊन वाचेल."

"वाचून कुणी पोहायला शिकलंय?"

"गाडी बाहेर काढू नका, सांगून ठेवते."

झालं. त्याने खिशातून किल्ली काढली.

*रुंदी, वजन वगैरे*

रॅम्प लावले. चाकांचं अंतर बघून दोन्ही सारखे केले. दुकानदाराने त्यांचे पट्टे पिकअपला आवळून बांधले. "हे विसरायचं नाही. मागची चाकं चढताना रॅम्प मागे सटकतात. मग तुम्ही खाली आणि गाडी वर."

बाई घोरपडीवर बसली. पहिल्या गिअरवर निघाली. पुढची चाकं चढली आणि तिचा धीर सुटला. गाडी हळूहळू मागे आली.

"राहू द्या हो," बायको ओरडली. "तिच्याच्याने नाही होणार."

"तू गप्प बैस! पोरी, ऐक माझं. खाली बघू नकोस. केबिनच्या काचेकडे बघ. अंग पुढे टाक. आणि मधे थांबायचं नाही, काही झालं तरी."

दुसऱ्यांदा ती पुन्हा अर्ध्यावर अडकली. तिने ओठ चावले, गाडी खाली घेतली, उतरली, पदर घट्ट खोचला.

"पुन्हा," ती म्हणाली.

"शाब्बास! हट्टी माणूस मला आवडतो."

"दिसतंय," बायको पुटपुटली.

तिसऱ्यांदा इंजिन एका सुरात गुरगुरलं, रॅम्प कण्हले, आणि घोरपड हौद्यात जाऊन उभी राहिली. दुकानदाराने काठी बगलेत मारून टाळ्या वाजवल्या.

*बांधणी*

हे त्याने कुणावर सोडलं नाही. चार कोपरे, चार पट्टे. लंगडत पिकअपभोवती फिरून प्रत्येक पट्टा स्वतः ताणला. रॅम्प सोडून गाडीच्या शेजारी आत सरकवले. फाळका लावला.

"काका, रस्त्यात सैल नाही ना होणार?"

"मी बांधलंय ते? दोन गावं ओलांडून जा, केसभर हलणार नाही."

"खात्री करायला हवी," बाई म्हणाली.

"मग मार की एक चक्कर! खड्ड्यातून ने मुद्दाम."

"अहो, कशाला उगाच..." बायको म्हणाली.

"जाऊ दे तिला!"

पिकअप फाटकातून बाहेर पडला. घोरपड खरंच केसभरही हलली नाही. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो कौतुकाने बघत राहिला.

बायकोने फाटक ओढून कडी घातली.

"लावतेस कशाला? येईलच ती आता. आणि ऐक, महिनाभर पडून असलेले रॅम्प मी आज विकले. मान्य कर."

"रॅम्प विकले नाहीत," बायको म्हणाली. "गाडी विकली. रॅम्प तिच्यावर फुकट दिलेत."