चार बोटं

जमिनीचे दोन अवाढव्य तुकडे एकमेकांना रेटत होते, म्हणून तिच्या घरामागचा डोंगर वर्षाकाठी जेमतेम नखभर वाढायचा. ती वाढ मोजणं हीच तिची नोकरी. पायथ्याशी घर तिचंच, तेव्हा मोजणीचं यंत्र तिनं हौसेनं आपल्याच गच्चीत, एका तिवईवर बसवलं होतं.

आज ऑफिसमधल्या पडद्यावर गच्ची एका झटक्यात चार बोटं सरकलेली दिसली. घरी सासूबाई आणि दहा महिन्यांची लेक, दोघीच होत्या. तिनं लगेच फोन लावला.

"आई, आहात तशा तिला घेऊन मोकळ्यावर जा. भूकंपाचं लक्षण दिसतंय."

"अगं, आम्ही मोकळ्यावरच आहोत, गच्चीत. इथं पानसुद्धा हललेलं नाही."

"गच्चीत? आई, आधी खाली उतरा. हात जोडते. यंत्र खोटं बोलत नाही, तिथलं सगळं सरकलंय."

मग सासूबाई अगदी दबक्या आवाजात म्हणाल्या,



"हळू बोल गं, दचकून खाली बसेल ती. तुझ्या तिवईला धरून पोरगी पहिल्यांदा उभी राहिलीये."