अर्धा कागद कोरा

"पुन्हा सरळ रेघ!" बाईंनी कागद उलटा धरला आणि मान हलवली. "काका, तुमचा हात काही केल्या चुकत नाही. चुकू द्या ना जरा त्याला."

घड्याळकाका ओशाळून हसले. उभा जन्म चिमट्याने केसाएवढे स्क्रू बसवण्यात गेलेला. चुकायचं कसं, हे त्या हाताला कुणी शिकवलंच नव्हतं. शनिवारच्या त्या वर्गात बाकी आठ जणांचे ब्रश मोकाट सुटले होते. निवृत्त नर्सबाई तर कागदापेक्षा स्वतःलाच जास्त रंगवून घरी जायच्या. काका मात्र सुरुवातीला ब्रशही चिमट्यासारखाच धरायचे.

बाई अमूर्त चित्रं शिकवायच्या आणि त्यांच्या वर्गाचे नियम दोनच होते. चित्र नेहमी उलटं करून बघायचं, म्हणजे त्यात कुणाला कोंबडी नाहीतर घर दिसत बसत नाही. आणि "हे कशाचं चित्र आहे?" असं कुणी कुणाला विचारायचं नाही. या दुसऱ्या नियमाचा बाईंना फार अभिमान होता.

सहा महिन्यांपूर्वी काका पहिल्यांदा आले ते एक घडी घातलेला कागद घेऊन. काळ्या शाईचे फराटे, सगळे एकाच बाजूला, एकमेकांच्या अंगावर चढलेले. उरलेला अर्धा कागद कोरा. बाईंनी सवयीने तो उलटा केला आणि बघतच राहिल्या.

"केवढी हिंमत आहे! अर्धा कागद चक्क सोडून द्यायचा! कुणी काढलंय?"

"आहे एक माणूस, ओळखीतलं."

"इतकं मोकळं व्हायला वर्षं जातात, काका."

"चाळीस वर्षं रोज ब्रश धरलाय त्या हाताने," काका म्हणाले. "मला असंच शिकायचंय. हुबेहूब."

"हुबेहूब कशाला? स्वतःचं काढा."

"नाही बाई. असंच."

मग बाई हात धुऊन मागे लागल्या. डाव्या हाताने काढायला लावलं, डोळे मिटून काढायला लावलं, ब्रशला हातभर काठी बांधून दिली. काकांनी एकदाही कुरकुर केली नाही. नेमका तोच कागद, तीच शाई कुठे मिळते, याची मात्र त्यांनी बारीक चौकशी केली.

"दोन्ही शेजारी ठेवले तर फरक कळता कामा नये," ते एकदा म्हणाले.

"कुणाला?"

"एक नजर आहे. फार पारखी. खोटं असलं तर क्षणात पकडेल."

बाईंना जुनं प्रकरण आठवलं. काही वर्षांपूर्वी त्यांच्या एका विद्यार्थ्याने दुसऱ्या चित्रकाराच्या नकला अस्सल म्हणून विकल्या होत्या. शिकवलं कुणी, म्हणून बोट बाईंकडे वळलं. वर्ग दोन वर्षं बंद पडला आणि ओळखीची माणसं रस्ता बदलून जाऊ लागली. तसं पुन्हा झालं असतं, तर वर्ग कायमचाच गेला असता.

गेल्या महिन्यात काकांना ते जमलं. दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा नर्सबाईंनाही यातला जुना कोणता ते सांगता येईना. काकांचे डोळे भरून आले. पण त्यांचं समाधान झालं नाही. आता त्यांना तसे कागद भराभर हवे होते, दर शनिवारी चार, पाच, सहा. कुठेतरी पाणी मुरत होतं.

परवाच्या शनिवारी बाईंचं मनगटावरचं घड्याळ बंद पडलं. काकांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि खिडकीशी बसून दहा मिनिटांत ते चालू करून दिलं. हात तसूभरही हलला नाही. मग त्याच हाताने त्यांनी ब्रश उचलला आणि वेडेवाकडे फराटे ओढले. हा नकला विकायचाच बेत, अशी बाईंची खात्री पटली.

काका गेले, भिंग खिडकीतच राहिलं. ते द्यायचं निमित्त करून सोमवारी संध्याकाळी बाई त्यांच्या घरी निघाल्या. येत्या शनिवारपासून वर्गाला येऊ नका, हे वाक्य त्यांनी वाटेत चार वेळा घोकलं.

दार काकांनीच उघडलं. बाईंना बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"कोण आलंय?" आतून आवाज आला. खिडकीजवळच्या टेबलाशी काकू बसल्या होत्या. एक हात मांडीवर निपचित पडलेला, दुसऱ्यात थरथरणारा ब्रश. समोर दोन कागद शेजारी शेजारी. अर्धे काळे, अर्धे कोरे.

"यांच्या वर्गाच्या बाई ना? या, या. बघा आमची शाळा!" काकू हसल्या. "घड्याळांच्या तबकड्या रंगवायचे हो मी. चाळीस वर्षं. अर्धांगाचा झटका आला आणि माझे बाराही आकडे एका बाजूलाच पळायला लागले. शाई फेकून दिली होती मी, तोंड दाखवायची लाज वाटायची. मग गेल्या महिन्यात यांचाही हात गेला. आधी वाटलं, माझं मन राखायला सोंग करतायत. पण आकडे कळतात हो मला. असं सोंग आणता येत नाही." त्यांनी शेजारचा कागद प्रेमाने सरळ केला. "म्हटलं, चला, दोघं मिळून पहिल्यापासून गिरवू. आता दुकान सोडून रोज तुमच्याकडे येतात बिचारे. खरं सांगा बाई, सुधारतोय का यांचा हात?"

वर्ग तर फक्त शनिवारी; 'रोज' म्हणजे बाकीचे दिवस काका गुपचूप दुकानातच जात असणार. दाराशी काका बाईंकडे बघत उभे होते.

बाईंनी भिंगावरची मूठ घट्ट मिटली.

"नाही हो काकू," त्या म्हणाल्या, "अजून खूप गिरवावं लागेल."