तप्तकचा तंटा

“ग्रह कोणाच्या नावावर हाय?” शालीकरामनी विचारलं.

दुर्गेशने कपाळावर हात मारून घेतला. शालीकराम म्हणजे गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. धुऱ्याची म्हणजे शेताच्या बांधाची भांडणं, सासू-सुनांची भांडणं, शेजारच्या कोंबडीने वाफा उकरल्याची भांडणं त्यांनी ग्रामपंचायतीच्या या खोलीत चहा पाजून मिटवली होती. पण गेल्या पोळ्यापासून गावात तंटा म्हणून झाला नव्हता आणि समितीचे हात शिवशिवत होते. अशात दुर्गेशची आई जमुनाबाई तक्रार घेऊन आली. माझा पोरगा अन् त्याचा जिवलग दोस्त योगराज खेळावरून भांडले, बोलत नाहीत, रविवारचे माझे आलूभजे वाया जातात. समितीने तिला लगेच खुर्ची दिली आणि दोघांना बोलावणं धाडलं.

“काकाजी, ग्रह कोणाच्याच नावावर नाई,” दुर्गेश म्हणाला. “खेळ हाय तो. सारे सूर्य विझले. गरम असा एकच ग्रह उरला, तप्तक. त्याच्यासाठी दोन फौजा लढून राहिल्या. माझे विझलेले अन् याचे धगधारी.”

“कधीपासून?”

“नऊ हजार वर्षं झाले.”

समितीचे सदस्य पतिराम पुढे सरसावले. “मंग आधी वहिवाट कोणाची हाय ते पाहा ना!”

आता हसण्यासारखंच आहे, पण या दोघांना विचारा. गोरेगाव तालुक्यात हा खेळ खेळणारे हे दोघेच. खेळ बनवणाऱ्या परदेशी कंपनीचे छोटे सैनिक मागवणं झेपेना, म्हणून त्यांनी एम-सील मळून सैनिक केले आणि बैलांच्या शिंगांना लावून उरलेल्या रंगाने रंगवले. कॉलेजात होते तेव्हापासून दर रविवारी जमुनाबाईच्या ओसरीत धानाच्या पोत्यांवर प्लायवूड टाकून युद्ध चालायचं. खेळात आशा म्हणून औषधालाही नव्हती. कोणी जिंकत नाही, कोणी वाचत नाही. आणि नियम कडक. तह नसताना जो मैदान सोडून गेला तो पळपुटा, त्याची फौज समोरच्याची. दुर्गेशला हे सगळं जिवापाड आवडायचं.

आणि मग कंपनीने जाहीर केलं की खेळाच्या कथेच्या नव्या पर्वात तह होणार. जगभरच्या खेळणाऱ्यांनी इंटरनेटवर बोंब ठोकली. त्यात दुर्गेशची बोंब सगळ्यांत लांब होती. योगराज आपल्याच बाजूने असणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं. पण योगराज म्हणाला, “होऊ दे ना बे तह. चांगलंच हाय.” दुर्गेश त्याला गद्दार म्हणाला. योगराज भजं तसंच ठेवून उठला, तो पुन्हा फिरकलाच नाही.

“धगधाऱ्यांनी आमच्या राणीले जिवंत जाळलं,” दुर्गेश समितीला सांगत होता. “त्यांच्यासंग का तह कराचा?”

“राणी स्वतः आगीत गेली,” योगराज म्हणाला. “कथा नीट वाच.”

“तुमच्या सेनापतीनं भाईरून दार लावलं!”

“दार वाऱ्यानं लागलं!”

“थांबा,” पतिराम म्हणाले. “सूर्यच विझले म्हणता, तं वारा कुठून आला?”

“वारा का सूर्याले विचारून येते?” शालीकराम भडकले.

“अध्यक्ष, तुमी धगधाऱ्यांची बाजू घेऊन राहिले!”

“मी? तुमी तं मघापासून राणीच्याच मांगं लागले!”

पाचेक मिनिटं समितीत अशी काही जुंपली की दोघं पोरं तोंडं उघडी टाकून बघत राहिली. शेवटी जमुनाबाईने टेबलावर थाप मारली.

“राणी गेली चुलीत! योगराज, तू सांग बाबू. तुले हा तह कायले पाहिजे?”

योगराज खाली मान घालून चपलेच्या टोकाने फरशी घासत राहिला.

“मावशी, मले हैदराबादले नोकरी लागली,” तो हळूच म्हणाला. “सोमवारी जाऊन राहिलो. याले सांगाची हिंमतच नाई झाली. तह झाला तं दोन्ही फौजा इज्जतीनं आपापल्या घरी जातेत. नाई तं मी पळपुटा ठरतो ना.”

दुर्गेशने त्याच्याकडे पाहिलं. आपण या माणसाला गद्दार म्हणालो, आणि हा तर निरोप घ्यायची वाट शोधत होता. त्याला फार वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं म्हणून रागही आला.

शालीकरामना मात्र हायसं वाटलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “घ्या, मिटलं! दुर्गेश, अरे दोस्त चालला तुहा. राणीचं सोड आता. म्हण तह मंजूर, अन् इज्जतीनं जाऊ दे त्याले.”

पतिरामनीसुद्धा मान हलवली. जमुनाबाईने पदराने डोळे पुसले. सगळे दुर्गेशच्या तोंडाकडे बघू लागले.

“नाई,” दुर्गेश म्हणाला.

“अबे!” योगराज चिडला. “आता काऊन नाई? माही फौज पाहिजे का तुले?”

“फौज तू ने. सारी ने,” दुर्गेश म्हणाला. “पण तह नाई म्हणजे नाई. लढाई मिटली तं तू वापस कायले येशील बे?”