किल्लीवाल्याला कोंडताना

बाबा कुलपं दुरुस्त करतात. त्यांनी दारू पिऊ नये म्हणून आई बाजारात जाताना त्यांना घरात कोंडून जाते. म्हणजे माशाला बुडवायची धमकी. बाबा आतून कुलूप उघडतात, समोरच्या बारमध्ये जातात आणि परतल्यावर "हे हलकं होतं" म्हणत स्वतःच नवं बसवून देतात. आज आम्ही परतलो तर दार सताड उघडं. आईने कपाळाला हात लावला. पण बाबा आतच होते, लसूण सोलत. आईने त्यांचं तोंड हुंगलं. वास फक्त लसणाचा. "मग कुलूप कशाला काढलंत?" "अगं, बंद दाराआड प्यायलो नाही, तर श्रेय कुलपाला जातं." आई बारच्या पाटीकडे बघत राहिली. मग "मीठ राहिलं" म्हणाली आणि मला घेऊन निघाली. दार उघडंच. मागून बाबा म्हणाले, "लोटून तरी घे. मांजर येतं."