तिसरा गिलावा

शेटनं हातातल्या काठीचं टोक भिंतीला टेकवलं आणि ताटाएवढा गिलावा भुगा होऊन त्याच्या बुटांवर पडला.

"आठ दिवस पाणी मारताय," शेट म्हणाला. "आणि हे?"

गफूर मिस्त्री पुढं आला. खंडाळ्यातल्या निम्म्या बंगल्यांचा गिलावा त्याच्या हातचा, आणि वीस वर्षांत कुठं साधी चीर पडली नव्हती. त्यानं भिंतीवरून नख ओढलं, भुगा चिमटीत चोळून पाहिला आणि गर्रकन वळून हाताखालच्या शिदूवर खेकसला.

"वाळू कुणी धुतली? तूच ना? मातीसकट घातलीस व्हय रं गिलाव्याच्या मसाल्यात?"

शिदूनं वाळू तीनदा धुतली होती. त्याच्या अंगाची लाही झाली.

"आमचे आजोबा मसाल्यात गूळ घालायचे," शेट म्हणाला. "तसं काही करायचं का?"

"ते चुन्याला, शेट. सिमेंटला गोडाचं वावडं. गूळ गेला की ते धरतच न्हाई." मिस्त्री पुन्हा शिदूकडं वळला. "बघतोस काय? खरवड समदं!"

मुळात ती भिंतच संताप आणणारी होती. वरच्या वाडीतली माणसं बापजाद्यांपासून ज्या झऱ्याचं पाणी पीत आली, तो झरा मुंबईच्या या शेटनं जमिनीबरोबर विकत घेतला आणि बागेभोवती सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत उभी केली. मागच्या अंगाला तेवढं एक खिंडार ठेवलं, कारण वाळूच्या पाट्या पुढच्या फुलझाडांतून न्यायच्या नाहीत असा त्याचा हुकूम होता. त्या खिंडारातून वाडीतल्या बायका अजून हंडे भरत होत्या. गिलावा पुरा झाला की खिंडार बुजवायचं, हे शेटनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. दुसरं पाणी खाली दरीत, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, आणि पावसाला दोन महिने होते.

आणि त्याच भिंतीला मजूर म्हणून वाडीतलाच शिदू आणि त्याची बायको बाया. आपल्याच हातांनी आपलं पाणी तोडायचं. रोज सकाळी पाटी उचलताना शिदूला स्वतःचीही किळस यायची.

दुसरा गिलावा सुरू झाला. मिस्त्रीच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असे. पाटी उशिरा आली, शिव्या. लवकर आली, शिव्या. मसाल्याचं पाणी तो स्वतःच्या बादलीतून स्वतःच्या हातानं घाली. एकदा बायानं बादली उचलून द्यायला हात पुढं केला, तर त्यानं थापी फेकून मारली. भिंतीच्या पायाशी मुंगळ्यांची रांग लागली होती; तीसुद्धा तो टाचेखाली रगडत राही, जणू त्यांचाच सगळा गुन्हा.

दुपारी बंगल्यातून मिस्त्रीला चहा आणि गुळाचा खडा येई. चहा तो कडूच पिई. गूळ फडक्यात बांधी.

"एवढाच?" तो स्वयंपाक्यावर ओरडे. "घरी नात हाये माझी, कमरजहाँ. अजून आण."

स्वयंपाकी कुरकुरत अजून आणी.

"आपल्या पोरांनी दिवाळीपासनं गूळ बघितला न्हाई," बाया दातओठ खात म्हणाली. "अन् ह्यो गाठोडी बांधतोय. हावरट मेला."

दुसरा गिलावाही आठव्या दिवशी सुटून हातात आला. शेटनं अख्ख्या बागेला ऐकू जाईल असा आरडाओरडा केला. मिस्त्रीनं सिमेंटला शिव्या दिल्या, उन्हाला दिल्या, आणि उरलेल्या शिदूला.

त्या दिवशी शिदूचा बांध फुटला. शेटची पाठ वळताच तो मिस्त्रीसमोर उभा राहिला.

"मिस्त्री, तुमी बी हितलंच पाणी पिऊन मोठं झाला. आमची पोरं तहानंनं मरतील, ते तुमच्या हातानं व्हतंय. लाज न्हाई वाटत?"

मिस्त्रीनं त्याच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही.

"मग काय भिंतीवर डोकं आपटू? पाटी उचल."

शिदूची मूठ फावड्याच्या दांड्यावर वळली. बायानं मधे येऊन त्याचा हात धरला म्हणून मिस्त्रीचं डोकं वाचलं.

तिसरा गिलावा लागला तेव्हा घाटावर ढग यायला लागले होते. मृग आठवड्यावर आला आणि शेटनं पुन्हा काठी टेकवली. अर्धी भिंत सोलून निघाली. हातभर तुकडा तर त्याच्या पांढऱ्या धोतरावरच आला.

"तू मिस्त्री नाहीस, चोर आहेस!" शेट धोतर झटकत ओरडला. "खंडाळ्यात, लोणावळ्यात, एकाही बंगल्यात तुला उभा राहू देणार नाही. घरोघर सांगेन मी. नीघ! आत्ताच्या आत्ता!"

"तुमची बाग, तुमची भिंत! घाला चुलीत!" मिस्त्रीही तसाच ओरडला.

"चल बाहेर!" शेटनं त्याची थापी उचलून खिंडारातून भिरकावली. मग तो मुकादमाकडं वळला. "पुण्याहून माणूस बोलवा."

"आता पावसात गिलावा व्हायचा न्हाई, शेट," मुकादम म्हणाला. "दसऱ्याबिगर न्हाई."

शेट पाय आपटत बंगल्यात गेला. मिस्त्री थापी शोधून खांद्यावर फडकं टाकून उताराला लागला, तोंडानं शिव्या चालूच. पन्नाशी उलटलेला माणूस, उद्यापासून त्याला कुणी कामाला लावणार नव्हतं. शिदूला त्याची तसूभर दया आली नाही. बरं झालं, असं तो मोठ्यानं म्हणाला. दसऱ्यापर्यंत खिंडार उघडं राहणार होतं आणि तोवर पाऊस डोंगरावरची सगळी टाकी भरणार होता. या हावरटाला काम जमलं नाही, हीच देवाची कृपा.

गडबडीत मिस्त्रीची बादली तिथंच राहिली होती, मसाल्यासाठी काठोकाठ भरलेली. शिदूनं ती लाथेनं उलथायला पाय उचलला. पण सकाळपासून उन्हात त्याचा घसा कोरडा पडला होता. तो खाली बसला, पाण्यावर तरंगणारे मुंगळे बाजूला सारून त्यानं ओंजळ भरली आणि तोंडाला लावली.

पाण्याला गुळाची चव होती.