पायगुण

“ताई, हे घर तुम्हाला लाभलं का?” घर बघायला आलेल्या मुलीनं उंबऱ्यातूनच विचारलं. तिचा नवरा खिडक्या उघडून बघत होता, एजंट पाण्याचं कौतुक सांगत होता.

घराची जुनी मालकीण फरशीकडे बघत राहिली. याच फरशीवर कुंकवाची पावलं उमटवत ती आली होती. पुढं नवऱ्याचं दुकान बुडालं आणि त्यानं जिन्यात उभं राहून साऱ्या बिऱ्हाडांना ऐकवलं, की ही पांढऱ्या पायाची. घटस्फोट झाला, तरी फ्लॅट दोघांच्या नावावर राहिला. तिच्या सहीशिवाय तो विकता येत नव्हता, म्हणून आज त्यानं तिला मानानं बोलावलं होतं आणि स्वतःही दाराशी उभा होता.

“मला काय विचारतेस, बाई? माझा पायगुण वाईट, असं हेच सांगायचे. आणि मी तर इथल्या फरशीफरशीवरून चाललेय.”

मुलीनं आत टाकलेला पाय हळूच मागे घेतला.

“काहीतरीच हिचं!” जुना नवरा कसनुसा हसला. “हिचे पाय लक्ष्मीचे होते हो. धंद्यात माझंच चुकलं.”

“हळू नका बोलू. तेव्हा जिन्यात सांगितलं होतंत, आताही जिन्यातच सांगा.”

एजंटनं त्याला डोळ्यांनीच बाहेर पिटाळलं.

“हिचे पाय लक्ष्मीचे होते!” तो जिन्यात ओरडला. दारं उघडली. वरच्या मजल्यावरच्या काकू कठड्यावर ओणवल्या. “काय म्हणालास रे? नीट ऐकू नाही आलं!”

तिनं खुर्ची ओढली आणि सुखानं बसली. “सांगा की,” ती म्हणाली. “काकूंना अगदी पहिल्यापासून सांगा.”