तेवढी ओळ

रोज दिवेलागणीला रूथबाई ओसरीवर बसून मोठ्याने येशूची प्रार्थना म्हणायच्या. शेजारच्या तुळसाबाई हिंदू, पण ऐकून ऐकून त्यांनाही ती पाठ झाली होती.

पावसाळ्यात मागे घेताना तुळसाबाईंच्या नवऱ्याच्या हातून ट्रॅक्टर रूथबाईंच्या मुलाच्या, अमोसच्या पायावरून गेला. पाय गुडघ्यापासून कापावा लागला. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं आणि ओसरीवरची प्रार्थनाही थांबली.

नाताळ जवळ आला तेव्हा तुळसाबाई कुंपणाशी आल्या. "बाई, हल्ली तुमची प्रार्थना ऐकू येत नाही."

"अपराध्याला क्षमा केली, असं त्यात म्हणावं लागतं," रूथबाई म्हणाल्या. "मनात नसताना तुमच्यासमोर कसं म्हणू? म्हणून आत बसते आणि तेवढी ओळ गाळते."

"आमचे हे रोज त्या वेळेला दारात बसून राहतात," तुळसाबाई हळूच म्हणाल्या. "ऐकू येईल म्हणून वाट बघतात. घास उतरत नाही त्यांच्या घशाखाली."

रूथबाई घरात गेल्या.

त्या संध्याकाळी मात्र अमोसला घेऊन त्या ओसरीवर बसल्या. क्षमेच्या ओळीपाशी त्या थांबल्या. अमोसने आईचा हात धरला आणि ती ओळ खणखणीत म्हटली. मग त्याच्यामागून रूथबाईंनीही म्हटली.

पलीकडे दारात बसलेला माणूस तोंडाला टॉवेल लावून रडत होता.

"भाऊ," रूथबाईंनी हाक मारली, "इकडे या. चहा टाकते."